मदत हवी आहे : चारीच्या वाटेत ११ केव्हीची केबल, नेमकी किती खोल कळेना

मंडळी, नमस्कार. जालन्याकडं खोदकामाची छोटी-मोठी कामं घेतो. सध्या गावच्या नव्या टाकीपर्यंत पाण्याची लाइन टाकतोय. १८० मीटर चारी, खोली १ मीटर. अर्धं काम झालं आणि डीपीपाशी अडकलोय. तिथून ११ केव्हीची केबल रस्ता ओलांडते.

वायरमन म्हणतो, "केबल तीन फुटांवर हाय, अडीच फुटांपर्यंत बिनधास्त जेसीबी चालवा." कागदावर बरोबर आहे. आयएस १२५५ (केबल टाकण्याचं भारतीय मानक) प्रमाणं ११ केव्हीची केबल ०.९ मीटर खोल लागते. पण आमच्याकडं वर दीड फूट काळी माती, मग मुरूम, की लगेच पाषाण. ज्यानं केबल टाकली त्यानं पाषाण फोडून तीन फूट गाठले असतील? मी याच धंद्यातला माणूस, मला नाही पटत.

मागल्या साली माझ्याच बकेटनं इंटरनेटचं फायबर तोडलं. बँकेची लिंक दुपारपर्यंत बंद, भुर्दंड बिलातून गेला. तेव्हापासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर (२०२३ च्या मार्चमध्ये आलेलं) कळवल्याशिवाय हात लावत नाही. फायबर पलीकडच्या बाजूला आहे हे तिथून कळलं. विजेच्या केबलचा नकाशा मात्र कुणापाशी नाही. ऑपरेटर बावीस वर्षांचा पोरगा आहे, त्याला अंदाजावर बसवायचं नाही.

लोकेटर (जमिनीखालची केबल शोधायचं यंत्र) भाड्यानं आणावा का? एकानं जीपीआर (जमिनीत रडार लहरी सोडून बघणारं यंत्र) सुचवलंय. आणि सप्लाय आधी बंद करून घ्यावा की नंतर?

केबलजॉइंटर, परभणी :
दादा, वायरमनच्या फुटांवर जाऊ नका. केबल टाकल्यावर रस्त्याची पातळीही बदलते. जीपीआरचे पैसे वाचवा, ओल्या काळ्या मातीत त्याला फारसं दिसत नाही. लोकेटर आणा. नुसता पॉवर मोडवर (केबलमधल्या चालू विजेचाच सिग्नल पकडायचा) फिरवू नका, तीन कोअरच्या (एकाच आवरणात तीन तारा) केबलचा सिग्नल कधीकधी इतका क्षीण असतो की मशीन गप्पच राहतं. ट्रान्समीटरचा (केबलमध्ये सिग्नल सोडणाऱ्या डब्याचा) क्लॅम्प डीपीकडच्या टोकाला लावून रूट काढा, पण तिथं हात महावितरणच्या माणसानंच घालायचा. रूट सापडला की चुन्यानं आखा. खोलीचा आकडा मात्र अंदाजाच समजा.

सप्लाय खणायच्या आधी बंद, तोही लेखी परमिट घेऊन. फोनवरचं "केलाय बंद" चालत नाही.

मग हातानं ट्रायल खड्डा. केबलच्या डोक्यावर नाही, बाजूला उतरा आणि आडवं सरका. पहार उभी मारायची नाही, फावड्यानंच. काळ्या मातीत एकदम मुरूममिश्रित भराव लागला तर कुणीतरी आधी खणलंय. मग केबलवरची वाळू, विटा किंवा फरशी लागली की थांबा. केबलच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर ब्रेकर नको.

मूळ धागाकर्ता :
आज सकाळी परमिट घेऊन खड्डा घेतला. काळ्या मातीत पिवळसर भराव दिसला तेव्हाच हात हळू केले. विटेचा कोपरा लागला, खाली वाळू. टेप धरला तर केबलचा माथा ५२ सेंटीमीटरवर! अडीच फूट म्हणजे ७६. पोरानं टेपकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलला काहीच नाही.

आता लाइन केबलच्या वरून घेऊ की खालून?

केबलजॉइंटर, परभणी :
खालून. वरून घेतली तर उद्या गळती काढायला येणारा टिकाव घेऊन थेट केबलवर उतरेल. तेवढा पट्टा छिन्नी-हातोड्यानं फोडा, वेळ लागला तर लागू द्या. केबल लोंबकळत ठेवू नका, फळीचा आधार द्या. बुजवताना वाळू आणि विटा परत घाला, वर इशाऱ्याची टेप टाका.

पोराला एक सांगून ठेवा : पुढं कधी बकेट चालू केबलला लागलंच तर केबिनमधनं उतरायचं नाही. बाकीच्यांनी लांब राहायचं, १९१२ ला (विजेच्या तक्रारीचा नंबर) फोन करायचा. मशीननं पेट घेतला तरच दोन्ही पाय जोडून लांब उडी, एक हात मशीनला आणि पाय जमिनीला असं कधीच नाही.