जेटस्कीच्या शाफ्टमधून घरघर येते: ग्रीस मारून भागेल का?

देवबागचो_झिल
नमस्कार मंडळी. दिवाळीत सेकंडहँड तीन-सीटर जेटस्की घेतली, फोर-स्ट्रोक, मीटरवर 410 तास. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पर्यटकांना फिरवतो. पंधरा दिवसांपासून सीटखालून, इंजिनाची फिरकी मागच्या पंपाला देणाऱ्या दांड्यातून (शाफ्ट), घरघर ऐकू येते. पाणी नीट फेकते, स्पीडही तोच आहे. आधीच्या मालकाला ग्रीस कधी मारलं ते आठवत नाही. मी शाफ्टच्या निपलला (ग्रीस भरायचं तोंड) गन लावून जाईल तेवढं ग्रीस भरलं. दोन दिवस आवाज गेला, तिसऱ्या दिवशी परत आला. पावसाळ्यात धंदा बंद व्हायला महिना उरलाय. तोवर असंच ग्रीस मारत चालवू का?

ग्रीसगन_काका
नको रे बाबा. आता एक दाबसुद्धा मारू नकोस.

त्या निपलच्या मागे बेअरिंग आहे आणि त्याच्या बाजूला ऑइल सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी. जागा भरली की ग्रीस सीलची ओठी उलटी करून बाहेर पडतं. ओठी उलटली की खारं पाणी आत. माझ्याकडच्या यामाहाच्या मॅन्युअलात पहिल्या 10 तासांनी 33 ते 35 मिली आणि पुढे दर 100 तासांनी किंवा वर्षाने फक्त 6 ते 8 मिली सांगितलंय. म्हणजे चहाचा दीड चमचा. तुझ्या मशीनचा आकडा तुझ्या मॅन्युअलात बघ.

आवाज दोन दिवस थांबला याचा अर्थ बेअरिंग बरं झालं असा नाही. खड्डे पडलेल्या गोळ्यांभोवती ताजं ग्रीस बसलं, एवढंच.

आता तपास. मशीन ट्रॉलीवर घे, चावीची दोरी काढ, बॅटरीची मायनस वायर सोड. सीट उघडून कपलरखाली (इंजिन आणि शाफ्टचा जोड) टॉर्च मार. काळी रबराची भुकटी दिसली तर कपलरचं रबर झिजतंय. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसले तरी ती पडते. मग शाफ्ट जिथे मशीनच्या आतल्या भिंतीतून मागे जातो तिथलं ग्रीस बोटावर घेऊन चोळ. मूळ रंगाचं असेल तर ठीक. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. तांबूस आणि करकरीत लागलं तर बेअरिंग गेलं, त्यावर पुढे बोलायचंच नाही.

इथेच थांबू नकोस, पंपही उतरव. पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याच्या मागे आणखी दोन बेअरिंगं असतात, बऱ्याच मशीनांत त्यांना बाहेरून निपल नसतो, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पंप मोकळा झाला की पंखा हाताने सावकाश फिरव, डोळे मिटून. कुठे अडखळतो ते बोटांना कळतं. वर-खाली हलवून खेळ (ढिलेपणा) बघ. पंखा आणि त्याभोवतीची रिंग यांच्यामधलं अंतर चारही बाजूंना सारखं हवं. एका बाजूला घासल्याची खूण असेल तर शाफ्ट मध्यावर राहिलेला नाही. पंखा सोडण्याआधी आटे कोणत्या बाजूचे आहेत ते मॅन्युअलात बघ, जोर लावू नकोस.

आणि देवबागला राहतोस म्हणून सांगतो. तिथे वाळूचे दांडे रोज जागा बदलतात. पर्यटक उतरवताना किनाऱ्याला टेकवून रेस केलीस तर पंप पाण्याबरोबर वाळू ओढतो. कमरेएवढं पाणी असेल तिथेच इंजिन चालू कर.

कँटरबरीकर
मी न्यूझीलंडला वायमाकारिरी नदीवर जेटबोट चालवतो. इथल्याच बिल हॅमिल्टनसाहेबांनी 1950च्या दशकात जेटबोट घडवली ती इथल्या अशाच उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी. आमच्या जेट युनिटला (पाणी फेकणारा पंप) मागचं बेअरिंग रबराचं, नदीच्या पाण्यावरच चालतं, त्याला ग्रीस लागत नाही. पण कोरडं फिरवलं की रबर जळतं. ग्रीस लागतं ते पुढच्या थ्रस्ट बेअरिंगला. पाणी मागे फेकताना शाफ्ट पुढे ढकलला जातो, बोटीचा सगळा रेटा तिथे येतो. काकांशी सहमत: मीही आधी बाहेर आलेलं ग्रीस बघतो, मगच नवं भरतो.

देवबागचो_झिल
काका, काल उघडलं. कपलरखाली भुकटी नाही. भिंतीजवळचं ग्रीस दुधाळ, आत तांबूस. पंपाची बेअरिंगं गुळगुळीत फिरतात, खेळ नाही. पण सील बसतं तिथे शाफ्टवर गोल खाच पडलीय, नखाला लागते. बेअरिंग आणि सील मुंबईहून मागवू का? दुकानात गाड्यांचं साधं चेसिस ग्रीस आहे, ते चालेल?

ग्रीसगन_काका
नखाला लागते म्हणजे नवं सीलही त्या खाचेतून पाणी आत सोडणार. दोन वाटा: शाफ्ट बदल, नाहीतर चांगल्या टर्नरकडून त्या जागी पातळ स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं कवच) चढवून घे. नुसतं बेअरिंग बदलून महिनाभर धंदा करशील आणि ऑगस्टात पुन्हा हेच उघडशील, तेही गंजलेलं.

चेसिस ग्रीस नको, खाऱ्या पाण्यात धुऊन जातं. बोटींसाठीचं वॉटरप्रूफ घे. जुनं आधी रॉकेलने पूर्ण धुऊन सुकव. दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊ शकतात. सील बसवताना ओठीला बोटाने ग्रीस लाव, हातोडी थेट मारू नकोस, सीलच्या मापाचा पाइप ठेवून सरळ ठोक.

मुंबईला फोन करताना शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजून सांग, आणि खाचेचा फोटो इथे टाक.