आईची डोकेदुखी मायग्रेन वाटत नाही, मदत हवी आहे

आई ६४ वर्षांची, कधी डोकं दुखल्याचं आठवत नाही आणि आता काही आठवड्यांपासून उजवं कानशील ठणकतंय. डॉक्टर मायग्रेन म्हणाले, पण या वयात पहिल्यांदाच? उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, उलट केस विंचरताना टाळू दुखते आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरं. बीपी, सीटी नॉर्मल, पॅरासिटामॉलने तेवढ्यापुरतं थांबतं. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, त्यात जबडा, म्हणजे कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि नजर जाऊ शकते असं वाचलंय. नजर अजून ठीक आहे. त्यावर स्टिरॉइड देतात म्हणे, पण आईला शुगर आहे म्हणून त्याची धास्ती. ईएसआर-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) उद्या सकाळी करतोय, तोवर थांबलं तर चालेल का की आजच इमर्जन्सीत न्यावं, आणि नंतर न्यूरोलॉजिस्ट बघतात की रुमॅटॉलॉजिस्ट (सांधे-वाताचे डॉक्टर)?