मदत हवी आहे: सहा-सहा आठवड्यांनी सेशन होतं, कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी एकच गोष्ट) टिकवायचं कसं?

वीसबाजू
डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट आणि खेळ चालवणारी व्यक्ती), पाच खेळाडू, सगळी पात्रं चौथ्या लेव्हलची. सेशन चार तासांचं. ठरतं महिन्याला, होतं सहा-सात आठवड्यांनी.

तारीख दर वेळी ग्रुपवर विचारून काढतो आणि सहाही जण मोकळे असले तरच खेळतो. पहिला पाऊण तास 'मागे काय झालं होतं' यातच जातो. मागचं सेशन लढाईच्या मध्यात थांबलं, आता कोणाचे किती हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारा आकडा) उरले होते यावर वाद आहे. दोघांनी तारखेच्या मेसेजला उत्तर देणं बंद केलंय. 'जास्त वेळा खेळा' हे सोडून काहीही सुचवा, तेवढंच जमणारं नाही.

फासेपेटी
बाकी सगळं नंतर, आधी 'सहाही जण हवेत' हा नियम काढा. साधं गणित बघा. प्रत्येक जण ठरलेल्या दिवशी मोकळा असण्याची शक्यता ८५ टक्के धरू, म्हणजे बऱ्यापैकी नियमित माणसं. सहाही जण एकाच दिवशी मोकळे असण्याची शक्यता ०.८५ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम ३८ टक्के. पाचपैकी तीन ठरलेल्या तारखा गळणारच, कोणाचीही चूक नसताना. आता कोरम 'डीएम आणि पाचपैकी कोणतेही तीन' असा ठेवा. तीच माणसं, तेच ८५ टक्के, आणि सेशन होण्याची शक्यता जाते ८३ टक्क्यांच्या आसपास. उरलेली गळती जवळजवळ सगळी डीएमच्या गैरहजेरीची आहे, म्हणून तारीख डीएमच्या सोयीने लावायची.

दुसरं, तारीख विचारायची नाही, सांगायची. 'महिन्याचा दुसरा शनिवार' असं काहीतरी पक्कं करा आणि पुढच्या तीन तारखा एकदम कळवा. 'येणार की नाही' याचं उत्तर बुधवारी रात्रीपर्यंत. उत्तर नाही आलं तर 'नाही' धरायचं, मागे लागायचं नाही. कोरम भरला नाही तरी ती वेळ सोडू नका. दोघं आले तर वन-शॉट (एका बैठकीत संपणारी छोटी गोष्ट) किंवा बोर्ड गेम खेळा. शनिवार एकदा मोकळा सुटला की पुढच्या वेळी तो दुसऱ्या कशाने तरी भरतो.

अंधारकोठडी
कोरमला +१. पण तीन जणांत खेळायचं तर गोष्टीची बांधणीही तशीच लागते. सेशन संपताना पार्टी (पात्रांचा गट) भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर असेल, तर न आलेला माणूस पुढच्या वेळी तिथे उगवणार कुठून? म्हणून प्रत्येक सेशन तळावरून सुरू आणि तळावर परत. वेस्ट मार्चेस पद्धतीत हेच करतात: जो येईल तो त्या दिवशीच्या मोहिमेवर. यात नवं काही नाही. १९७४ च्या मूळ नियमांतच एका कॅम्पेनला चार ते पन्नास खेळाडू चालतील असं लिहिलंय. ठरलेल्या पाच जणांनीच कायम एकत्र फिरायचं, ही सवय नंतरची.

यात एक गाठ आहे, ती रेस्टची, म्हणजे पात्रांनी विश्रांती घेऊन ताकद परत मिळवण्याची. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये एका दिवसाला सहा ते आठ मीडियम किंवा हार्ड लढाया धरल्या आहेत. पाच जणांची एक लढाई पाऊण ते एक तास खाते. चार तासांत गप्पा, शोध, वाटाघाटी धरून दोनच होतात, फार तर तीन. म्हणजे गोष्टीतला एक दिवस तीन सेशन चालतो, तुमच्या वेगाने तीन महिने! पहिल्या सेशनला वापरलेला स्पेल स्लॉट (मंत्र वापरायची मोजकी संधी) तिसऱ्याला कोणाच्या लक्षात असणार?

म्हणून सेशन संपलं की लाँग रेस्ट (रात्रभराची मोठी विश्रांती), सरसकट. बदल्यात लढाया दोनच, पण हार्ड किंवा डेडली. एकाच लढाईवर दिवस संपवू नका. विझर्ड आणि क्लेरिक ही मंत्रवाली पात्रं सगळे स्लॉट तिथेच ओततात, आणि फायटर, मंक, वॉरलॉक या पात्रांची ताकद शॉर्ट रेस्टवर (छोट्या विश्रांतीवर) चालत असल्याने ते मागे पडतात. दोन लढायांच्या मध्ये एक शॉर्ट रेस्ट हमखास द्या, म्हणजे तराजू बराच सावरतो.

वीसबाजू
हे पटलं. जो आला नाही त्याच्या पात्राचं काय? आत्तापर्यंत शेजारी बसलेला चालवायचा.

फासेपेटी
ते बंद. दुसऱ्याच्या हातात पात्र मेलं की त्याचा राग टेबलवर येतो, आणि दोन शीट (पात्राच्या माहितीचे कागद) सांभाळणारा दोन्ही अर्धीच खेळतो. पात्र तळावर थांबलं, इतकंच. लेव्हल मात्र सगळ्यांची एकत्र वाढवा. गैरहजेरीबद्दल एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कापला तर आधीच दुरावलेला माणूस कमकुवत पात्र घेऊन परत येतो, मग येतच नाही.

खरं तर एक्सपी मोजणंच सोडा. चौथीतून पाचवीत जायला प्रत्येकी ३,८०० लागतात. मीडियम लढाईचे २५० धरले, तरी पंधरा-सोळा लढाया झाल्या. सेशनला दोन म्हणजे आठ सेशन, जवळपास अकरा महिने. पाचव्या लेव्हलला मिळणारे फायटरचा एक्स्ट्रा अटॅक आणि विझर्डचा फायरबॉल हाती यायला वर्ष कोण थांबणार? दर दोन सेशनला माइलस्टोनने (गुण न मोजता, गोष्टीच्या टप्प्यावर) लेव्हल द्या. लेव्हल वाढवण्याचं काम आठवडाभर आधी घरी करायचं, टेबलवर नाही.

कोपऱ्यातला गॉब्लिन
पाऊण तासाच्या उजळणीबद्दल. डीएमने गोष्ट सांगायला घेतली की बाकीचे फोन काढतात. उलट करा. सेशन संपल्यावर ४८ तासांच्या आत, आठवण ताजी असताना, डीएमने दीडशे शब्दांच्या आत टिपण टाकायचं. सेशनच्या दोन दिवस आधी तेच टिपण पुन्हा वर आणायचं. टेबलवर मात्र खेळाडूंनीच तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: आपण कुठे आहोत, आपल्याला काय हवंय, आड कोण येतंय. डीएमने फक्त चुकलेलं दुरुस्त करायचं. दहा मिनिटांत होतं.

टिपणात काय घ्यायचं तेही सांगतो. 'मग तुम्ही पुलावर गेलात, मग तिथे रखवालदार भेटला' असं नाही. असं: 'पुलाचा रखवालदार पैसे खातो, हे फक्त रोगला (चोर-पात्राला) माहीत आहे. रखवालदाराला शुक्रवारपर्यंत चांदीची किल्ली हवी आहे. किल्ली क्लेरिकच्या पिशवीत.' तीन वाक्यं, आणि तिन्हींवर पुढच्या वेळी काहीतरी करता येतं. लढाई कशी झाली ते लिहूच नका.

एनपीसी (डीएमने चालवायची पात्रं) एका वेळी पाचच्या वर नकोत. प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरांत उभ्या कार्डावर, खाली एकच खूण: 'डावा कान नाही', 'सतत हिशेब विचारते'. सहा आठवड्यांनी नाव जातं, कान राहतो.

नकाशेवाली
लढाईच्या मध्यात थांबण्याबद्दल कोणीच बोललं नाही. दर आठवड्याला खेळणाऱ्यांना ते चालतं, तुम्हाला नाही. उत्कंठा दोन आठवड्यांत विरते, उरतो तो हिट पॉइंटचा हिशेब. शेवटची ४० मिनिटं राहिली की नवी लढाई सुरूच करायची नाही. थांबायचं ते निर्णयापाशी: 'पुढच्या वेळी किल्ली देणार की पळणार?' उत्तर तिथेच घ्या. डीएमला दोनऐवजी एकाच वाटेची तयारी पुरते.

तरी अडकलात तर निघण्याआधी नकाशाचा वरून फोटो, आणि एका कागदावर इनिशिएटिव्हचा (कोणाची पाळी कधी याचा) क्रम, प्रत्येकाचे हिट पॉइंट, उरलेले स्लॉट, चालू कंडिशन (पात्रावर चालू असलेले परिणाम), कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवायला लागणारं लक्ष) कोणाचं कशावर आहे ते. राक्षसांचेही आकडे. शीट सगळ्या डीएमच्या फोल्डरमध्ये, खेळाडूकडे फोटो.

आत्ता जो वाद आहे तो आठवून मिटायचा नाही. पात्रांना पूर्ण हिट पॉइंट द्या, शत्रूंना अर्धे, आणि थेट पुढच्या राउंडपासून सुरू करा. थोडं खेळाडूंच्या बाजूने झुकलं तर झुकू दे.

अंधारकोठडी
कॅम्पेन बदलायची तयारी असेल तर ब्लेड्स इन द डार्क हा याच प्रकारचा दुसरा खेळ बघा. त्यात टोळीचं स्वतंत्र शीट असतं, प्रगती टोळीच्या नावावरही होते, आणि एक कामगिरी नि तिच्यानंतरचा डाउनटाइम (मोहिमांमधला मोकळा वेळ) एका बैठकीत बसतो. पण पाचवी आवृत्ती आवडत असेल तर केवळ यासाठी सोडू नका.

वीसबाजू
दोन महिन्यांसाठी तीन तारखा... म्हणजे तीन महिन्यांसाठी, आजच टाकते. त्या गप्प दोघांचं काय करू? ग्रुपवर त्यांना टॅग करून झालंय.

कोपऱ्यातला गॉब्लिन
टॅग नको, चारचौघांत हजेरी घेतल्यासारखं वाटतं. वेगवेगळा मेसेज करा आणि 'येणार का' विचारू नका. एका ओळीत उत्तर देता येईल असा पात्राबद्दलचा प्रश्न विचारा: 'पार्टी महिनाभर शहरात आहे, तुझी रेंजर या काळात काय करतेय?' जे उत्तर येईल ते पुढच्या सेशनमध्ये खरंच वापरा, नाहीतर दुसऱ्यांदा कोणी लिहिणार नाही. असं दोनदा विचारूनही उत्तर नाही आलं तर सरळ विचारा: कायमची जागा ठेवू की पाहुणा म्हणून जमेल तेव्हा येशील? कोरम तीनचा असला की पाहुणा परवडतो.