घरच्या हापूसची ऑनलाइन विक्री: पैसा जाहिरातीत घालावा की पुरवठ्यात?

देवगडकर:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची दीडशे कलमे आहेत. आजवर सगळा माल वाशीला आडत्याकडे जात असे. गेल्या हंगामात वेबसाइट काढून पुणे आणि नागपूर येथील ग्राहकांना थेट पेट्या पाठवल्या. पुण्याच्या पेट्या चांगल्या पोहोचल्या, परंतु नागपूरच्या अनेक पेट्यांत फळ काळे पडलेले निघाले आणि पैसे परत करावे लागले. यंदा हाताशी असलेली थोडी रक्कम जाहिरातीत घालावी की पॅकिंग आणि वाहतुकीत?

पेटीवाला:
जाहिरात यंदा राहू द्या. आपण दोन्हीकडे एकाच अवस्थेतले फळ पाठवले असावे, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी पोहोचणाऱ्या पेटीत अढीतले (पिकण्यासाठी पेंढ्यात रचून ठेवलेले), रंग धरू लागलेले फळ चालते. पण जिथे तीन-चार दिवस लागतात तिथे हिरवे, मात्र पूर्ण तयार झालेले फळ तोडणीनंतर लगेच निघाले पाहिजे आणि ते घरी पेंढ्यात कसे पिकवावे याची चिठ्ठी पेटीत हवी. म्हणजे ऑर्डरचा पिनकोड पाहूनच कोणत्या दिवशी काय उतरवायचे ते ठरवावे लागते, आणि म्हणून ग्राहकाला नेमकी तारीख न देता आठवडा द्यावा. तोडणी झेल्याने (टोकाला जाळी लावलेल्या काठीने), देठ राखूनच करा. देठ मुळापासून निघाला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ तिथूनच बिघडू लागते. शीतवाहन हा यावरचा सरसकट उपाय नव्हे, कारण 12-13 अंशांच्या खाली आंब्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.

हिशेबनीस:
वरील मताशी सहमत. एक भर घालतो: साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, बाहेरून दिसत नाही. वाशीला माल गेला की कोणाच्या फळात साका निघाला हे सहसा आपल्यापर्यंत येत नाही, ऑनलाइन विक्रीत मात्र कापलेल्या फोडीचा फोटो थेट आपल्याच फोनवर येतो. त्यामुळे प्रत्येक पेटीवर तोडणीची तारीख आणि बागेचा भाग लिहा; कोणत्या कलमांच्या तक्रारी येतात ते एका हंगामात कळेल. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसेल तर तीही करून घ्या.

देवगडकर:
आभारी आहे. नागपूरच्या पेट्या खरोखरच अढीतल्या होत्या, कारण ग्राहकांनी लगेच खाता येतील असे आंबे मागितले होते आणि आम्ही नाही म्हटले नाही. पेटीवाला, आपल्या चिठ्ठीचा मजकूर येथे देता येईल का?