मदत हवी आहे: भाच्याला लिव्हरपूलची जर्सी घेऊन देऊ का?

राजेहो, प्रश्न गंमतीचा वाटेल, पण मी खरंच अडकलो आहे.

मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबवाला, कोच फर्ग्युसनच्या काळापासूनचा; लिव्हरपूल म्हणजे आमचा कट्टर वैरी क्लब. 2013 ला इंग्लंडची लीग शेवटची जिंकली, फर्ग्युसन साहेब निवृत्त झाले आणि तेव्हा लागलेली साडेसाती साडेसात वर्षांत काही सुटली नाही. 2024-25 ला तर 42 गुण अन् पंधरावा नंबर! त्याच मे महिन्यात युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगची फायनल. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, घरचे झोपलेले, म्हणून टीव्ही मुका अन् कूलरची घरघर. टॉटनहॅमकडून 1-0 हरलो. तेही लीगमध्ये सतराव्या नंबरवर लोळत होते! सकाळी तर्री-पोहे खाताना मित्रांनी जे धुतलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाच्याला मीच या नादी लावलं. आता आठवीत आहे, वर्गातली पोरं चिडवतात. परवा म्हणे, "मामा, या वाढदिवसाला लिव्हरपूलची जर्सी दे न." मी सांगितलं, अरे 1974 ला आपण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलो होतो, वर्षभरात वर आलो. तर म्हणतो, "मग वर आले की सांग, मी येतो."

काय उत्तर द्यावं बे याला? जर्सी घेऊन देऊ की हट्ट धरू? आणि नागपुरात सदर-धरमपेठकडे युनायटेडवाले एकत्र मॅच पाहत असतील तर कळवा. शक्यतो संध्याकाळच्या मॅच, पोराची शाळा सकाळची आहे.