विषय: संघाला पाठवायची रक्कम परत आली, पुढे काय?

प्रेषक: प्रसाद (खजिनदार)

सर्वांना नमस्कार,

संक्रांतीला इथे परदेशात आपल्या मंडळाने जमवलेली रक्कम गुहागर तालुक्यातल्या आपल्या त्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे पाठवली होती. त्यांच्या बँकेने ती परत केली. संघाकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) नाही, म्हणून. त्या पैशांतून खालच्या वाडीतून सडकेला येणाऱ्या पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला, लोखंडी कठडा बसवायचाय आणि फॅब्रिकेटर म्हणतो मे संपायच्या आत उरकू, नंतर पावसात वेल्डिंग होत नाही. पैसे पोचवायचा मार्ग माहीत असेल त्याने या आठवड्यात कळवा. "माझ्या भावाच्या खात्यात टाका, तो नेऊन देईल" असं कृपया सुचवू नका. मंडळाच्या नावाने ते होणार नाही.

---

प्रेषक: सुनंदा

प्रसाद, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा आपण पैसे पाठवलेच होते की. आठवड्याच्या आत पोचले होते. तेव्हा खजिनदार मी होते, मला नीट आठवतंय. आताच असं काय झालं? आणि आधी मला एक फोन केला असता तर बरं झालं असतं.

---

प्रेषक: मेधा

सुनंदाताई, चिपळूणच्या वेळी पैसे मुंबईच्या नोंदणी असलेल्या संस्थेला गेले आणि त्या संस्थेने स्वतःच माणसं पाठवून काम केलं. संघाचं तसं नाही.

एफसीआरए २०१० चा कायदा. २०२० मध्ये त्यात दोन मोठे बदल झाले. परदेशातून येणारी देणगी संस्थेला फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यात घेता येते. आणि एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी तिने दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. म्हणजे मुंबईच्या संस्थेमार्फत गुहागरला, हा जुना मार्ग बंद. आपलं मंडळ इथे नोंदलेलं आहे, म्हणून मंडळाचा पैसा परदेशीच धरला जातो, देणारे सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले असले तरी.

गावच्या संघाने नोंदणी करायची तर तीन वर्षांत पंधरा लाख खर्च दाखवावा लागतो. कुठून आणणार ते? एका कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण ती मेच्या आत मिळणार नाही.

मार्ग एकच दिसतो. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून थेट संघाला पाठवावेत. कायद्याने ती परदेशी देणगी नाही. ओसीआयवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या मूळच्या भारतीयांना) मात्र हे चालणार नाही, ते परदेशी नागरिकच मानले जातात.

---

प्रेषक: नितीन

मग आपण व्हीलचेअर आणि बीपीची मशिनं घेऊन पाठवू. वस्तूंना कोण विचारतंय?

---

प्रेषक: मेधा

विचारतात, नितीन. कायद्याच्या व्याख्येत वस्तूही येतात. तुझ्या आईसाठी तू काय हवं ते घेऊन जा, तो घरचा मामला आहे. संघाला म्हणून द्यायचं तर नाही.

---

प्रेषक: अण्णा (दापोलीहून)

मंडळी,

मी आता इकडेच राहतो, म्हणून लिहितो. पैशाचं मेधाने सांगितलं ते बरोबर आहे. पण व्हीलचेअर, व्हीलचेअर करताय तर ती फिरवणार कुठे? त्या वाडीत गेलेल्याला विचारा. चिऱ्याच्या पायऱ्या, जूनपासून त्यांच्यावर शेवाळ, एका बाजूला गडगा, म्हणजे दगडी बांध, आणि दुसऱ्या बाजूला नुसता उतार. १०८ ची गाडी वर सडकेवर येऊन थांबते. खालून म्हाताऱ्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात, खुर्चीला दोन बांबू बांधतात आणि चौघं जण वर आणतात. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी असतात तेव्हा चौघं मिळतात. श्रावणात वाडीत पासष्टीच्या खालचा पुरुष शोधावा लागतो. म्हणून कठडा आधी, बाकी सगळं मागाहून.

आणि हेही लिहितो की ती पाखाडी ग्रामपंचायतीची आहे. कठडा हा खर्च त्यांचा आहे. १ मेच्या ग्रामसभेत संघाने अर्ज देऊन ठराव घ्यायला हवा. देणगी मिळतेय म्हणून हक्काचं मागायचं सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

---

प्रेषक: सुनंदा

अण्णा, ठराव होईल आणि कागदावर राहील. आमच्या वाडीतल्या विहिरीच्या कट्ट्याचं तेच झालं. मालवणला माझ्या मामीने एवढंच मागितलं होतं, "माका काय नको, पायऱ्यांक धरूक कायतरी लावा." शेवटी मामेभावाने स्वतः पाइप आणून लावला. ग्रामपंचायतीची वाट बघत बसले असते तर मामी घराबाहेर पडलीच नसती.

---

प्रेषक: नितीन

विषय थोडा वेगळा आहे, पण ज्येष्ठांचाच आहे म्हणून इथेच विचारतो. एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४५६७ इथून लागत नाही. आई देवगडला एकटी आहे. परवा वीज गेली, तिचा फोन बंद झाला आणि आम्ही सगळे रात्रभर हैराण. हेल्पएज संस्थेचा १८०० वालाही इथून लागला नाही. मंडळाच्या डिरेक्टरीत हे नंबर छापून मग उपयोग काय?

---

प्रेषक: अण्णा

नितीन, १४५६७ हा भारतातून लावायचा नंबर आहे आणि सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. पेन्शन, कायदा, छळ, टाकून दिलेलं माणूस, अशा गोष्टींत ते सल्ला देतात, माणूस पाठवतात. रात्री दोन वाजता आई कशी आहे ते बघायला तो नाही. त्याला शेजारीच लागतो. नंबर आईच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेव, आणि देवगडच्या संघातल्या कोणाचा तरी नंबर तुझ्याकडे ठेव. आमचा संघ रोज संध्याकाळी एकट्या राहणाऱ्यांना फोन करतो. उचलला नाही तर कोणीतरी घरी जाऊन येतं. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

---

प्रेषक: वैशाली

अण्णा, छळाचं लिहिलंत म्हणून विचारते. आमच्या आत्येला मूलबाळ नाही. गुहागरचं घर आणि कलमांची बाग तिने पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिली. आता तो मुंबईला, आणि ती मागच्या पडवीत राहते. घराच्या पुढच्या भागाला त्याने कुलूप लावलंय. बोलायला गेलं की म्हणतो, कागद बघा.

---

प्रेषक: मेधा

वैशाली, कागदच बघायचा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर त्या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. बक्षीसपत्र कायदा आल्यानंतरचं हवं. अट बक्षीसपत्रात लिहिली आहे का, किंवा त्याच वेळी वेगळ्या कागदावर काही लिहून घेतलंय का, ते आज पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अट असायलाच हवी म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र असा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायचा, आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं, असं सांगितलं. रद्द नाही झालं तरी पोटगी मागता येते, कारण निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाकडे आहे तो जबाबदार धरला जातो. महिना दहा हजारांपर्यंत.

अर्ज प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे), न्यायाधिकरण तेच चालवतात. गुहागर तालुका चिपळूण प्रांतात येतो. वकील लागत नाही, कायद्यात वकिलाला मनाईच आहे. आत्येला जाता येत नसेल तर तिने अधिकार दिलेली संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते.

---

प्रेषक: अण्णा

तेच सांगतो. संघाला आपण कठडे बांधणारी मंडळी समजतो. प्रांत कचेरीत ऐंशीच्या बाईबरोबर बाकावर बसून राहणं हे त्यांचं खरं काम आहे. वैशाली, आत्येची सही घेऊन ठेव, गुहागरच्या संघाच्या सेक्रेटरींशी मी बोलतो.

---

प्रेषक: प्रसाद (खजिनदार)

आत्येचं वेगळ्या मेलवर घ्या, ही विनंती.

पैशाचं असं करतो. देणगीदारांना त्यांची रक्कम मंडळ परत करेल. भारतीय पासपोर्ट असलेले थेट संघाला पाठवतील आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत संघाकडे देतील, म्हणजे पुढे हिशेब तपासणीत अडचण नको. ओसीआयवाल्यांचे पैसे मंडळाकडे राहतील, हेल्पएजसारख्या नोंदणी असलेल्या संस्थेला कोकणातल्या कामासाठी देता येतात का ते मी विचारतो.

---

प्रेषक: सुनंदा

म्हणजे पावतीवर मंडळाचं नाव येणार नाही. संक्रांतीला तिळगुळाची पाकिटं आम्ही बायकांनी रात्री जागून भरली, ते मंडळासाठी. हे कार्यकारिणीत ठरायला हवं, मेलवर नाही.

---

प्रेषक: मेधा

ताई, मंडळाचं नाव आलं की ती परदेशी देणगी होते आणि संघाच्या अध्यक्षांच्या मागे चौकशी लागू शकते. ते सत्तरीचे गृहस्थ आहेत. नाव नको.

---

प्रेषक: सुनंदा

ठीक आहे. माझा पासपोर्ट भारताचाच आहे. खाते क्रमांक पाठव.

---

प्रेषक: अण्णा

फॅब्रिकेटर शनिवारी माप घ्यायला जातोय, मी त्याच्याबरोबर जाणार. कठडा दोन्ही बाजूंना घ्यायला सांगतो. चढताना डाव्या हाताला गडगाच आहे, पण अर्धांगाने उजवा हात गेलेली दोन माणसं त्या वाडीत आहेत. ग्रामसभेचा अर्जही त्याच दिवशी देऊन येतो, पोच घेईन.