मदत हवी आहे: ठाणे जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचा दहा वर्षांचा इतिहास, आकडे जुळत नाहीत

पानगळ:
ठाणे जिल्ह्यातल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचा २०१२-१३ ते २०२१-२२ या काळातला इतिहास एका स्मरणिकेसाठी लिहायचा आहे. १८६४ चं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय, १८९३ चं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय यांच्यावर भरपूर साहित्य मिळतं. अडतंय ते अलीकडच्या वर्षांपाशी. मिळालेल्या याद्यांत २०१४ नंतर ग्रंथालयांची संख्या एकदम घसरते. काही ग्रंथालयांच्या जमाखर्चात एका वर्षी अनुदान शून्य आणि पुढच्या वर्षी दुप्पट दिसतं. एका ठिकाणी तर हजारो पुस्तकं एकाच वर्षी दाखल झालेली आहेत. यातलं खरं काय धरायचं? आणि मूळ कागद कुठे मिळतील?

दप्तरदार:
संख्या घसरली म्हणून ग्रंथालयं बंद पडली असं लिहू नका. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले; ठाण्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात उरले. त्यामुळे २०१२-१३ पासूनच या सात तालुक्यांचे आकडे वेगळे काढा आणि तीच मालिका शेवटपर्यंत चालवा. जुन्या यादीत तालुक्याचा रकाना नसेल तर गावावरून तालुका लावावा लागेल. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. महापालिका जी वाचनालये स्वतःच्या खर्चाने चालवतात ती अनुदानाच्या यादीत नसतात, त्यांची बेरीज यात मिसळू नका.

२०११-१२ हे पायाभूत वर्ष धरू नका. मे २०१२ मध्ये महसूल यंत्रणेने राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली. त्यानंतर काहींची मान्यता गेली, काहींचा वर्ग (अ, ब, क, ड; 'ड' सगळ्यात खालचा) खाली आला. पुढे नवीन मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही थांबली. म्हणजे या दशकात एखाद्या ग्रंथालयाने पुस्तकं दुप्पट केली तरी ते 'ड' चं 'ड' च राहिलं. वर्गावरून प्रगती मोजणारा तक्ता म्हणूनच फसवा ठरतो.

खरी गोष्ट अनुदानाच्या दरात आहे. १ एप्रिल २०१२ पासून दर ५० टक्क्यांनी वाढले. त्यानंतरची ६० टक्के वाढ मंजूर झाली ती थेट २०२२ च्या अखेरीस. 'ड' वर्गाला या सगळ्या काळात वर्षाला ३०,००० रुपये. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे १५,०००. बाराने भागा: ग्रंथपालाच्या हाती महिना १,२५० रुपये. उरलेल्या १५,००० मध्ये पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, भाडं. संध्याकाळी दोन-तीन तासच उघडणारी वाचनालयं का, याचं उत्तर या भागाकारात मिळतं. स्मरणिकेत एक पान तरी याला द्या.

कपाट क्र. ७:
अनुदान शून्य आणि मग दुप्पट, हे बहुतेक वेळा हप्त्यांमुळे होतं. अनुदान दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता मार्चअखेरीस मंजूर होऊन बँकेत एप्रिलमध्ये पडला की रोखकिर्दीत तो पुढच्या आर्थिक वर्षात जातो. तुम्ही मंजुरी आदेशातलं वर्ष धरा, जमा झाल्याची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवा. उशीर किती झाला तेही त्यातूनच कळेल.

हजारो पुस्तकं एकाच वर्षी दाखल, हा संगणकीकरणाचा प्रताप. ई-ग्रंथालय किंवा दुसऱ्या प्रणालीत जुनी पुस्तकं भरताना दाखल तारखेच्या जागी नोंद केल्याची तारीख पडते. हाताने लिहिलेली दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची वही) मागा आणि प्रत्येक ३१ मार्चचा शेवटचा दाखल क्रमांक उतरवून घ्या. दोन वर्षांच्या क्रमांकांतला फरक म्हणजे त्या वर्षीची भर. मात्र शेवटचा क्रमांक म्हणजे कपाटातली पुस्तकं नव्हेत. बाद ग्रंथांची नोंद पाहून तेवढी वजा करा. बाद नोंदवहीच नसेल तर 'एकूण ग्रंथ' असं न लिहिता 'दाखल ग्रंथ' लिहा.

देवघेवीच्या आलेखात २०२०-२१ ला खड्डा पडेल. मार्च २०२० पासून ग्रंथालयं बंद होती, १५ ऑक्टोबरपासून उघडायला परवानगी मिळाली. त्या वर्षाची तुलना उघड्या दिवसांवर करा, नाहीतर ते वर्ष चौकटीत वेगळं दाखवा.

पानगळ:
खूप आभार, बरंच सुटलं. कागदांसाठी प्रत्येक ग्रंथालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा का?

शहापूरकर:
नको. ही ग्रंथालयं संस्था चालवतात. त्या 'सार्वजनिक प्राधिकरण' आहेत की नाहीत या वादातच तुमचे महिने जातील. ग्रंथालयं दरवर्षी वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे देतात, तेव्हा अर्ज त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे २ रुपये. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून याद्यांसाठी एक अर्ज, अनुदान मंजुरी आदेशांसाठी दुसरा.

'तुलनात्मक तक्ता द्या' असं मागितलंत तर 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही' असं ठरलेलं उत्तर येतं. आहेत ते कागद मागा: 'सन २०१२-१३ ते २०२१-२२ मधील वर्गनिहाय अनुदान वाटप याद्यांच्या प्रती, तसेच अभिलेख निरीक्षणाची परवानगी'. निरीक्षण आधी आणि झेरॉक्स नंतर, म्हणजे नको त्या पानांचे पैसे वाचतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर कलम १९(१) खाली पहिलं अपील. जुनी नस्ती (फाईल) नष्ट केली म्हणाले तर अभिलेख नाशनाच्या नोंदीची प्रत मागा. त्या नोंदीची मागणी झाल्यावर 'नष्ट' झालेली नस्ती सापडल्याचीही उदाहरणं आहेत.

शासन निर्णय तर घरबसल्या मिळतील: शासनाच्या संकेतस्थळावर विभाग 'उच्च व तंत्र शिक्षण' निवडा आणि 'ग्रंथालय' शब्दाने शोधा. प्रत्येकाचा सांकेतांक टिपून ठेवा.

दप्तरदार:
एक राहिलं. संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडेही जातात. ग्रंथालयाची प्रत हरवली असेल तर विश्वस्त संस्थेचा नोंदणी क्रमांक घेऊन ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. आणि याद्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टंकलेल्या असतील तर एक्सेलमध्ये उघडल्यावर नुसत्या चिन्हांची रांगोळी दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग आकडे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. रूपांतरात आकडे आणि जोडाक्षरं बिघडू शकतात.